घरी ऑक्सिजन देताना फुप्फुसं कशी जपावीत

मशीन कसं लावायचं ते देणारा दाखवतोच. मशीनला जोडलेल्या बाटलीत, उकळून गार केलेलं पाणी घाला, रोज बदला. त्या खोलीत चूल, बिडी, समई नको; नाकाला तेल किंवा व्हॅसलीनही नको.

खरा घोळ होतो तो ऑक्सिजन किती ठेवायचा यावरून. निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या घरांत एकच सल्ला ऐकू येतो, "धाप लागली की वाढवा, ऑक्सिजननं काय होतंय!" होतं. हवेत तो 21 टक्के असतो. 60 टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन दिवसभराहून जास्त घेत राहिलं तर फुप्फुसातले वायुकोश सुजायला लागतात. 1899 मध्येच लॉरेन स्मिथ या शास्त्रज्ञानं प्राण्यांवर हे दाखवलं होतं. म्हणून दवाखान्यातही रुग्ण सावरला की तो कमी करत आणतात.

घरी नाकातल्या नळीनं मिनिटाला 2 लिटरवर साधारण 28 टक्केच मिळतो, तिथे ही सूज सहसा येत नाही. पण चुलीच्या धुरानं, बिडीनं छाती गेलेल्या आजीआजोबांना धोका वेगळाच असतो. जादा ऑक्सिजननं त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारं यंत्र) 98 दिसतं, घरचे खूश, आणि आजोबा गुंगीत! असा 98 मला अजिबात नको. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या, बहुतेक रुग्णांना 88 ते 92 पुरतं. हा आजार नसलेल्यांना सहसा 94 ते 98. तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

मोजताना रुग्णाला शांत बसवा, थंड हात चोळून गरम करा, मेंदी किंवा नेलपॉलिश नसलेलं बोट धरा. आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. पहिला आकडा धरून मशीनवरचा, किती लिटर जातोय ते दाखवणारा बॉल हलवणाऱ्यांचा मला फार राग येतो. बॉलचा मध्य डोळ्यांच्या रेषेत आणून वाचा. सीओपीडीच्या रुग्णाचा आकडा 92 च्या वर राहत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत अर्धा लिटर कमी करा, वीस मिनिटांनी परत बघा. 88 च्या खाली गेला तर त्याच मर्यादेत अर्धा लिटर वाढवा. तरीही चढत नसेल तर बॉल फिरवत बसू नका, दवाखाना गाठा.

सकाळी डोकं दुखणं, दिवसा झापड, असंबद्ध बोलणं दिसलं तरी लगेच निघा. मशीन मात्र एकदम बंद करू नका, त्यानं ऑक्सिजन झपकन खाली जातो.

सीओपीडीच्या रुग्णाच्या खिशात "सीओपीडी, 88–92" लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गाडी बेळगावला जाईल की कोल्हापूरला ते ऐनवेळी ठरतं. गाडीत बसताच चिठ्ठी ऑक्सिजन लावणाऱ्याच्या हातात द्या.