माझा एल्फ हरायला लागला तेव्हा

डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर आम्ही पाच जण मराठीतून फँटसी रोलप्ले लिहितो, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या पात्राची पोस्ट लिहून गोष्ट पुढे न्यायची. माझं पात्र वेरीन, एल्फ तलवारबाज. तीन महिने तो एकदाही हरला नाही, आणि हळूहळू त्याच्याशी लढायला कुणी येईना. शेवटी एका मैत्रिणीने सरळ सांगितलं, "अरे, माझ्या पात्राचं काय होतं तेही तूच लिहून टाकतोस." याला गॉडमॉडिंग म्हणतात हे माहीत होतं, मीच ते करतोय हे कळलं नव्हतं.

जुन्या पोस्ट काढून वाचल्या. "वेरीन तिचा वार चुकवतो आणि तिच्या खांद्यात तलवार खुपसतो." तिला लिहायला उरलंच काय? आता लिहितो, "वेरीन खांद्याच्या रोखाने तलवार फिरवतो, पण डाव्या गुडघ्यावर भार येताच कळवळतो." वार माझा, तो लागला की नाही, हे तिने ठरवायचं.

गुडघ्याचं ते दुखणं फार कामी आलं. ते कशाने झालं याचा विचार करताना मला त्याने पुलावर मागे सोडलेला भाऊ सापडला. तेव्हापासून वेरीन पूल टाळतो.

वाद झालाच तर डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्ले खेळाच्या पाचव्या आवृत्तीची रीत: २० बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राचा बोनस मिळवायचा, बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी (म्हणजे त्याच्या बचावाच्या आकड्याइतकी) किंवा जास्त आली तर वार लागला. तिथली फेरी साधारण ६ सेकंदांची असते, म्हणून आम्ही एका पोस्टमध्ये एकच हल्ला ठेवलाय.

परवा वेरीन हरला. त्याच मैत्रिणीच्या पात्राने त्याला पाठीवर घेऊन नदीपर्यंत आणलं. समोर पूल आहे, आणि पुढची पोस्ट माझी.