चाई पडली? या चुका टाळा

केस विंचरताना बोटांना मध्येच गुळगुळीत कातडी लागते. आरशात पाहावं तर नाण्याएवढा गोल चट्टा. खवले नाहीत, खाजही फारशी नाही. ही चाई, डॉक्टरांच्या भाषेत अ‍ॅलोपेशिया एरिआटा. शरीराची प्रतिकारशक्तीच वाढत्या केसाच्या मुळावर उठते. केस गळतो, पण मूळ मरत नाही. हे ठाऊक नसल्यामुळेच पुढचे घोळ होतात.

सर्रास दिसणारी चूक म्हणजे चट्ट्यावर लसूण घासणं. कातडी लाल झाली की वाटतं, गुण येतोय. प्रत्यक्षात ती भाजलेली असते. दुखणं आतलं आणि शिक्षा टाळूला! लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरतात, मग श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं.

नायटा समजून बुरशीचं मलम चोळणंही तितकंच फुकट. डोक्यावरच्या नायट्यात खवले, खाज, तुटके केस दिसतात आणि त्याला पोटातून औषध लागतं. चाईच्या कडेला भिंगातून पाहा: वर जाड, मुळाशी निमुळते, उद्गारचिन्हासारखे केस दिसले तर चट्टा अजून पसरतोय. नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे असतील तर तेही त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

नवे केस पांढरे आले म्हणून उपटू नका. सुरुवातीला ते तसेच येतात, रंग बहुधा मागाहून भरतो.

चट्ट्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं साधारण 4 ते 6 आठवड्यांच्या अंतरानं देतात. एकदोन घेऊन सोडून देऊ नका, आणि लवकर उरकावं म्हणून घाईही करू नका. औषध जास्त झालं तर तिथली कातडी खोलगट होते.

बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चाईवरचं औषध नव्हेत. उलट त्यांनी थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात. चाईबरोबर थायरॉइडचा त्रासही आढळतो, म्हणून रक्त देण्याआधी गोळ्या चालू असल्याचं सांगा.

बॅरिसिटिनिब या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या गोळीला अमेरिकेत 2022 मध्ये प्रौढांच्या तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. मात्र ते मनानं सुरू करायचं औषध नाही. आधी रक्ततपासण्या लागतात, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि गोळी थांबवली की केस पुन्हा गळू शकतात.

रोज आरशात चट्टा मोजत बसू नका. महिन्यातून एकदा, त्याच उजेडात, शेजारी पट्टी धरून फोटो काढा आणि तेच फोटो डॉक्टरांना दाखवा.