मातृवंदनेचे अडकलेले पैसे असे सुटले

हडपसरला राहते. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ५,००० रुपये मिळतात, दोन हप्त्यांत. माझा अर्ज मंजूर झाला, पण खात्यात दमडी नाही. अंगणवाडीताईंनी नेमकं विचारलं, "आधार कुठल्या बँकेला जोडलंय गं?" हे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात. माझं आधार निघालं कॉलेजातल्या, बंद पडलेल्या खात्याला! चालू खात्याच्या बँकेत 'डीबीटीसाठी आधार सीडिंग'चा, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हावेत म्हणून आधार त्या खात्याला जोडण्याचा, फॉर्म दिला. नुसतं केवायसी पुरत नाही, हे काउंटरवर मलाच समजवावं लागलं. आधारच्या वेबसाइटवर सीडिंग सक्रिय दिसल्यावर ताईंना कळवलं, मग हप्ता आला. दुसरं बाळ मुलगी झालं तर ६,००० मिळतात. सासूबाईंना सांगून ठेवलंय.