दत्तक बाळाच्या रिपोर्टवर ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ दिसलं तर

‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाकडून आलेल्या वैद्यकीय अहवालात ‘अँटिबॉडी पॉझिटिव्ह’ (म्हणजे रक्तात एचआयव्हीविरुद्धची प्रतिद्रव्यं आढळली) असं वाचून काळजात धस्स होतं. नकार कळवण्याआधी चाचणीच्या दिवशी बाळाचं वय किती होतं, ते पाहा. आईच्या रक्तातून आलेल्या अँटिबॉडी बाळाच्या अंगात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्याआधीच्या या चाचणीने लागण सिद्ध होत नाही. विषाणूच शोधणारी पीसीआर चाचणी झाली का, हे संस्थेला स्पष्ट विचारा. या चाचणीसाठी तान्ह्या बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब खास कागदावर वाळवतात आणि तो कागद प्रयोगशाळेत जातो. १८ महिन्यांनंतरची पक्की चाचणी मात्र चुकवू नका, पीसीआर निगेटिव्ह असली तरी. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू असेल तर बाळाला घरी आणण्याआधीच त्याचे उपचार जवळच्या एआरटी केंद्रात ट्रान्सफर करून घ्या. मधे एकही डोस बुडता कामा नये, कारण खंड पडला की विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.