जुन्या व्हिडिओ गेमचा कंट्रोलर घरी बनवताय? या चुका टाळा

नागपुरात कंट्रोलर बनवायचा म्हटलं की लोक बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात जाऊन आधी भारीतली बटणं आणतात. खरं तर बिघाड बटणांत क्वचितच असतो. तो असतो आयसीच्या, म्हणजे बारीक पायांच्या चिपच्या, आसपासच्या जोडणीत.

निन्टेन्डोच्या एनईएस या जुन्या गेम कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये ४०२१ नावाचा एकच आयसी असतो. कन्सोलने लॅचचा, म्हणजे बटणं टिपायचा, इशारा दिला की तो आठही बटणांची स्थिती एकदम टिपतो आणि क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एकेक बटण डेटाच्या तारेवर पाठवतो: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, मग वर, खाली, डावं, उजवं. आपल्याकडे एकेकाळी घरोघरी असलेल्या नऊ पिनांच्या नकली कन्सोलचीही पद्धत हीच.

सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार म्हणजे बटण न दाबता हिरो आपोआप पळतो. नुसतं बोट आयसीच्या पायांजवळ नेलं तरी उड्या मारायला लागतो. अशा वेळी बटणं बदलू नका. इनपुटचा (बटण जोडायचा) पाय मोकळा लटकत असला की तो हवेतली खरखर उचलतो. आठही इनपुटना १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर ५ व्होल्टकडे लावा, बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला. ११ नंबरचा पायही मोकळा सोडू नका, तो ग्राउंडला जोडा. ८ आणि १६ नंबरच्या पायांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, आणि तो आयसीला अगदी चिकटून.

४०२१ मिळाला नाही म्हणून ७४एचसी१६५ घेतलात तर एक लक्षात ठेवा: ४०२१ लॅच हाय असताना बटणं वाचतो, १६५ लो असताना. लॅच उलटी करायला मध्ये इन्व्हर्टर टाकावाच लागतो, आणि पायांची मांडणीही वेगळी आहे. ‘दोन्ही शिफ्ट रजिस्टरच (बटणांची स्थिती एकेक करून पाठवणारे आयसी) ना’ म्हणून त्याच बेसमध्ये, म्हणजे आयसीच्या सॉकेटमध्ये, खोचू नका.

तारांच्या रंगावर तर अजिबात विसंबू नका. नकली कंट्रोलरमध्ये लाल तार ५ व्होल्टचीच असेल याची खात्री नाही. कन्सोल बंद ठेवून जुन्या कंट्रोलरची सगळी बटणं ज्या पट्टीला मिळतात ती तार मल्टीमीटरच्या बीपने शोधा; ते ग्राउंड. मग कन्सोल चालू करून सॉकेटवर ५ व्होल्टची पिन शोधा. एवढं झाल्याशिवाय आयसी बेसमध्ये बसवू नका.

आता डब्याचं. थ्रीडी प्रिंटवाले बहुतेक पीएलए प्लास्टिक देतात, तो साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या बंद गाडीत तो ठेवला तर झाकण वाकतं आणि बटणं भोकांत अडकतात. पीईटीजी किंवा एबीएस मागा. आतला बोर्डही ग्लू गनने चिकटवू नका, उन्हाळ्यात तो सुटतो. स्क्रूनेच कसा.

सगळं ठीक असून केबल हलवली की खेळ थांबत असेल, तर डब्याच्या तोंडाशी केबलला आतून गाठ मारा किंवा झिप टाय लावा. ओढ सोल्डरवर न येता त्या गाठीवर यायला हवी.