काळ्या काचेतून फोटो काढताना शटर स्पीडकडे बघा

पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याच्या घाटात एसी डब्याच्या टिंटेड काचेतून फोटो काढणारे बरेच असतात, आणि मग तक्रार की सगळं हललेलं आलंय. अंधार तेवढा येत नाही, कारण कॅमेऱ्याचं मीटर लेन्समधूनच उजेड मोजतं, काच काळी असली तरी एक्स्पोजर (फोटोत येणारा एकूण उजेड) आपोआप जुळवून घेतं, पण त्यासाठी ते गुपचूप शटर स्लो करतं, म्हणजे ते जास्त वेळ उघडं ठेवतं, आणि खरा घोळ तिथेच होतो. काचेतून ५०% उजेड आत येत असेल तर १ स्टॉप (निम्मा उजेड) गेला, म्हणजे १/५०० सेकंदाचं थेट १/२५०, आणि २५% च येत असेल तर २ स्टॉप, १/१२५.

त्यामुळे शटर प्रायोरिटीवर (शटर स्पीड आपण ठरवतो तो मोड) टाका, १/१००० धरा आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) बिनधास्त वाढू द्या, थोडा ग्रेन (दाणेदारपणा) परवडला पण हललेला फोटो नाही. लेन्स काचेला जवळजवळ चिकटवा पण टेकवू नका, गाडीची थरथर लागते. खिडकीची काळी चौकट फ्रेममध्ये आली की मीटर फसतं नि बाहेरचे ढग पांढरेफटक होतात, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ (फोटो एक स्टॉप गडद) करून बघा. हिरवट झाक येतेच, रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढलं असेल तर व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) नंतर नीट करता येतो.