आजोबांची बंदूक नावावर करायची? खानापूरवाल्यांनी हे वाचा
आजोबा वारले म्हणून बंदूक तशीच माळ्यावर ठेवू नका, लायसन त्यांचं होतं तुमचं नाही, आधी पोलिस स्टेशनला किंवा लायसनवाल्या बंदूक डीलरकडे जमा करून पावती घ्या आणि मग वारस म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज टाका, खेड्यातलं असेल तर बेळगावला डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस. आजोबा हयात असले तरी सत्तरी झाल्यावर वारसाला देता येते. पोलिस चौकशी होणारच, चकरा माराव्या लागतात.

लायसनवर एरिया बघा हं, फक्त कर्नाटक असेल तर महाराष्ट्रात चंदगडच्या लग्नात मिरवायची नाही. आनंदात हवेत बार काढणं तर कुठंच नको, २०१९ पासून दोन वर्षं जेल होऊ शकते! आणि पीक राखायला लायसन मिळालं तरी गव्यावर गोळी नाही.